दीड दाण्याची छाप

तळोद्याच्या एका म्हाताऱ्या सोनारावर माझा राग आहे. तो जाऊन दोन वर्षं झाली, तरी राग आहे. जुन्या चांदीवरच्या छापांचं मला जे काही कळतं त्यातलं निम्मं त्याने शिकवलं, निम्मं मी भांडून त्याच्याकडून काढून घेतलं. पण एक गोष्ट त्याने पंधरा वर्षं सांगितली नाही, आणि त्यापायी मी खापर गावच्या भर बाजारात एका बाईला खोटं ठरवलं.

मी मुळात बांगडीवाली. पाटी डोक्यावर घेऊन आठवडे बाजार करायचे. या धंद्यात एक गोष्ट अशी असते की गिऱ्हाइकाचा हात बराच वेळ आपल्या हातात राहतो. डोंगरातल्या बाया बांगड्या भरायला बसल्या की आधी हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत वर सारायच्या, नाहीतर काढून माझ्याच मांडीवर ठेवायच्या. अशी किती कडी माझ्या मांडीवर विसावली असतील! एका हाताने बांगडी चढवताना मी दुसऱ्या हाताने कडं फिरवून बघायचे. आतल्या अंगाला, तोंडाजवळ, मुगाच्या दाण्याएवढी खूण असायची. कुठे मासा, कुठे फूल, कुठे गुजराती अक्षर. कोणत्या सोनाराने घडवलं त्याची ती निशाणी.

पुढे काही बायाच विचारू लागल्या, मोडीत घेशील का. गावातल्या पेढीवर त्यांना बाहेर उभं करायचे, वजनात हात मारायचे, वर हसायचे. मी त्यांच्याशी भाव करायचे, कडक करायचे, पण समोर बसवून करायचे. अशी मी बांगडीवालीची चांदीवाली झाले. कुणी भांडवल दिलं नाही, कुणी बोट धरलं नाही. माझ्या आईची चांदी असती तर सुरुवात सोपी गेली असती, पण ती भावांनी परस्पर आटवली आणि मला दुसऱ्याकडून कळलं. असो.

पहिल्यांदा सहा नग घेऊन मी त्या सोनाराकडे गेले तेव्हा तो मुशीखाली भाता हलवत होता. सगळं गाव त्याला नाना म्हणायचं. त्याने नग एकेक उलटून पाहिले आणि विचारलं, "हाई कोनना हातनं शे?"

मी म्हटलं, "चांदी ती चांदी, नाना. हात कोणाचा का असेना. आटवा आणि द्या."

"चांदी ती चांदी?" तो म्हणाला. "मंग मानूस तो मानूस. तुन्हा नि मन्हा भाव एकच." आणि सहाही नग माझ्या पदरात परत टाकले. आटवले नाहीत.

मी त्याला दारातूनच चार शब्द ऐकवले. मग संतापाच्या भरात बसस्टँडपर्यंत गेले, तिथे नग पुन्हा काढून बघितले, आणि परत आले. तो हसला नाही, एवढं बरं केलं. त्याने दोन नग वेगळे काढले. "हाई आटाडाना नहीत," म्हणाला. हे आटवायचे नाहीत. ते दोन नग पुढे मोडीच्या तिप्पट भावाने विकले गेले. माणूस खवचट होता, पण डोळ्याने फसवणारा नव्हता.

त्यानंतर दर महिन्याला मी जायचे. तो शिकवायचा असं म्हणता येणार नाही. तो नग हातात द्यायचा आणि माझी चूक होईपर्यंत गप्प बसायचा. मी भिंग घेऊन गेले तर म्हणाला, "डोया नको लाऊ. नख लाव." डोळा खूण बघतो, नखाला खुणेची कड कळते. ठशाने मारलेल्या खुणेची कड नखाला अडकते; घावाखाली चांदी बाजूला सरकून उभी राहिलेली असते. साच्यात ओतलेल्या नकली खुणेची कड साबणासारखी घसरते. खरी खूण झिजली तरी तळाशी काळी राहते, कारण तिथे ना चिंच पोहोचते ना राख. आणि झिजायलाही रीत असते. कडं मनगटावर कुठे घासतं, दळताना कोणती बाजू खाली येते, मूल कडेवर घेणारी बाई डाव्या हातातलं कडं कसं झिजवते, हे बांगडीवालीला कुणी सांगायला नको. यात मी नानाच्या पुढे होते. त्याला ते आवडायचं नाही, पण तो मान डोलवायचा.

एका खुणेपाशी मात्र त्याचा आवाज बदलायचा. तीन दाण्यांचं कणीस. ज्वारीचं म्हणा, बाजरीचं म्हणा. मधे एक दाणा, दोन बाजूंना दोन, खाली देठाची बारीक रेघ. ती त्याच्या बापाची छाप. नानाने स्वतः कधी ती वापरली नाही. ठसा डबीत ठेवला होता आणि स्वतःच्या कामावर साधं अक्षर मारायचा. "तेन्हा हात येगळा व्हता," एवढंच म्हणायचा. त्यांचा हात वेगळा होता.

खोटं कशाला बोलू, होताच वेगळा. त्या बापाची हासळी मी पहिल्यांदा धरली तेव्हा भाव करायचंच विसरले, आणि मला ओळखणारे सांगतील की हे रोजचं नाही. हासळी म्हणजे गळ्यातलं भरीव, घट्ट कडं. मधे अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती होत गेलेली. वजन हाताला भारी लागायचं, पण गळ्यात घातली की कुठेच बोचत नव्हती. भार असा वाटलेला की दोन्ही खांद्यांना सारखाच. ती घालून बाईने डोक्यावर दोन हंडे घेतले तरी मान वळवता यावी अशी. वर नक्षी जवळजवळ नाहीच. छाप तीन जागी: दोन्ही टोकांना एकेक, आणि बरोबर मध्यावर आतून एक. प्रत्येक छाप एकाच घावात मारलेली. दुसरा घाव मारला की दाण्याला सावली पडते. या माणसाच्या कामावर मला कधी सावली दिसली नाही. आजकाल यंत्राने मारलेले शिक्के बघते. सरळ असतात, एकसारखे असतात. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघावंसं वाटत नाही.

तीन जागी छाप कशाला, हे मी नानाला विचारलं नाही. मला वाटलं, कारागीर स्वतःवर खूश असेल. मी विचारायचे ते एवढंच, की या छापेला कोण किती मोजेल.

आता माझी चूक सांगते.

एकदा मी अक्कलकुवा भागातून एक कडं घेतलं होतं. तोंडाशी अर्धी छाप होती, कुणाचं तरी अर्धं फूल. मी घाईत होते, घेतलं. कापल्यावर आत शिसं निघालं. भामट्याने जुन्या मोडक्या नगाचा छापेचा तुकडा कापून नव्या पोकळ कड्याला जोडला होता, आणि दुसऱ्या टोकाचं बोंड डाखाने, म्हणजे झाळून, बसवून तिथूनच शिसं भरलं होतं. त्या दिवसापासून मी एक नियम केला: अर्धी छाप म्हणजे पुरतं खोटं. हा नियम मी बाजारभर सांगत फिरले. नानालाही सांगितला. तो तेव्हा चिमट्याने तार ओढत होता. काही बोलला नाही.

होळीच्या आधीचा खापरचा बाजार म्हणजे डोंगर उतरून खाली आलेला असतो. लग्नं ठरत असतात, देज ठरत असतं. आमच्या डोंगरात मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. अशा दिवसांत लोक नग माझ्याकडे दाखवायला आणायचे. विकायला नव्हे, फक्त बघून सांग म्हणून. मी त्याचे पैसे घेत नसे. माझ्या शब्दावर दोन घरं विश्वास ठेवतात, हे मला पैशापेक्षा गोड लागायचं.

त्या दिवशी दोन्हीकडचे एकदमच आले. पुढे मुलीचा मामा, डोक्याला पांढरं फडकं, बोलायला तिखट. मागे मुलाची आई, पन्नाशीची, पावरा समाजाची; घरी पावरी बोलणारी, बाजारात आमची अहिराणी तोडकीमोडकी. तिने देजात पैशांबरोबर एक कडं कबूल केलं होतं. आईकडून आलेलं, जुन्या कणीसवाल्या सोनाराच्या हातचं, असं सांगून. मामाला चांदीच्या टंचाची, शुद्धतेची, फिकीर नव्हती, ते कसोटीवर कळतंच. त्याला बघायचं होतं की बाईचा शब्द खरा आहे का. आईची म्हणून सांगितलेली चांदी आईची नसेल, तर बाकीच्या बोलण्याचं काय?

मी कडं घेतलं. जड होतं. एका टोकाला बोंड, डाखाने बसवलेलं. दुसरं टोक सपाट कापलेलं, आणि कापाच्या अगदी काठावर छाप. एक दाणा पुरा, एक अर्धा. पुढे काही नाही.

मी नख लावलं. कड खरी होती. पण नियम डोक्यात पक्का बसला होता, आणि अर्ध्या छापेबरोबर डाखाचं बोंड दिसलं की मला त्या शिशाचीच आठवण यायची.

"छाप चिटकाडेल शे," मी म्हटलं. चिकटवलेली आहे. "आत शिसं असेल. कापून बघा."

बाईने कडं माझ्या हातातून ओढून घेतलं. "कापाना नही," ती म्हणाली. "मन्ही मायनी शे. मन्ही बहीनजोडे—"

"बहीननं बहीनजोडे ऱ्हाऊ दे," मी तिचं बोलणं तोडलं. बहिणीचं बहिणीजवळ राहू दे. "मी हातमा शे तेच सांगस. तुम्ही सगळ्या आईचीच म्हणता. मलाही आई होती."

हे शेवटचं वाक्य कशाला बोलले, देव जाणे. लोक जमले होते, आणि लोक जमले की माझा आवाज चढतो. मामाने माझ्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. "पुढला बाजारलोंग वाट देखसूत," तो म्हणाला. पुढच्या बाजारापर्यंत थांबू. आणि निघून गेला. बाई तिथेच उभी राहिली. तिने मला शिवी दिली असती तर मी परत दिली असती. तिने कडं मनगटात घातलं, पदराने झाकलं आणि जीपकडे चालत गेली. बाजारात कडं झाकून चालणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. ते दाखवायलाच असतं.

दुसऱ्या दिवशी मी नानाकडे गेले ती फुशारकी मारायला. तुमच्या बापाची नकली छाप पकडली, म्हटलं. दीड दाणा! चोरांना आता पुरा ठसासुद्धा जमत नाही.

नानाने चिमटा खाली ठेवला. "दीड दाना? सपाट कापेल?"

"सपाट."

"दुसरा टोकले बोंड?"

"डाखाचं."

"ती बाई काय बोलनी?"

"बहीन बहीन करी ऱ्हायनी व्हती."

"आनि तू आयकं नही."

तो उठला, कपाटातून डबी काढली, कणसाचा ठसा माझ्या तळहातावर ठेवला. मग त्याने जे सांगितलं ते मी इथे एका दमात सांगते. त्याने मात्र पाणी पिऊन, मधे गिऱ्हाईक करून, माझा जीव खात सांगितलं.

डोंगरातल्या आया त्याच्या बापाकडून हासळी करून घ्यायच्या तेव्हा सांगून ठेवायच्या, मुली किती आहेत. आई गेल्यावर हासळी मुलींमध्ये वाटली जायची. दोन मुली असल्या तर मध्यावर कापायची आणि दोन कडी करायची. म्हणून बाप मध्यावर छाप मारायचा, आणि वाटणीच्या दिवशी मुली आल्या की त्याच छापेच्या मधून करवत चालवायचा. दीड दाणा एकीकडे, दीड दाणा दुसरीकडे. निमुळत्या टोकाचा आकडा, तिथल्या छापेसकट, काढून तिथे बोंड बसवायचा. कापलेलं तोंड मात्र घासायचं नाही, झाकायचं नाही. उद्या बहिणींच्या लेकींमध्ये भांडण झालं, कुणी म्हणालं तुझं हलकं माझं भारी, तुझं खोटं माझं खरं, तर दोन तोंडं एकमेकांना लावायची. करवतीचा काप दुसऱ्या कुठल्याही कापाला लागत नाही. नकली करणारा अर्धी छाप आणेल. तिचा दुसरा अर्धा कुठून आणेल?

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक उठत होती. त्या बापाची कमाल वाटत होती, खरंच वाटत होती. लिहिता न येणाऱ्या बायांसाठी त्याने चांदीवर वाटणीपत्र लिहून ठेवलं होतं, आणि ते कोणा भावाला आटवता येणार नव्हतं. पण माझ्यासमोर बसलेल्या लेकाचं काय?

"पंधरा वर्षं मी तुमच्या दारात येते," मी ओरडले. "माझा नियम तुम्ही तुमच्या कानांनी ऐकलात. तेव्हा तोंडात काय धरलं होतं?"

नानाने ठसा माझ्या हातातून परत घेतला. "तू इचारं कोननी छाप शे," तो म्हणाला. "कोनसाठे शे, हाई कधी इचारं?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे. न विचारता सांगायच्या काही गोष्टी असतात, आणि जाणत्याने त्या सांगायच्या असतात. हे मला त्याला सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिते.

मी म्हटलं, पुढच्या बाजाराला तुम्ही चला, तुमच्या तोंडून सांगा. तो नाही म्हणाला. "मी नही येस. तू खोटं बोलनी, तूच खरं बोल."

मी जीपवाल्याबरोबर निरोप धाडला: कड्यासकट ये, बहिणीलाही तिच्या कड्यासकट आण. बहीण गुजरातच्या बाजूला दिलेली. निरोप पोहोचला की नाही कळायला मार्ग नव्हता. डोंगरात फोन लागला तर लागला. तो आठवडा मी ज्याच्या त्याच्यावर वसकत काढला. बाई आलीच नाही तर? तिच्या जागी मी असते तर आले नसते.

बाजाराच्या दिवशी मी पथारी लवकर टाकली. मामा दुपारी आला, लांब उभा राहिला, सुपारी फोडत. माझी नजर जीपांवर. चौथ्या जीपमधून ती उतरली. तिच्यामागून तशीच एक, जरा बुटकी, तशीच रुंद कपाळाची. दोघींनी मला दुरून बघितलं आणि आधी मीठमिरची घेतली. चांगली अर्धी घटका मला तिष्ठत ठेवलं. भाव करायची रीत मला बरोबर कळते. मी बांगड्या लावत बसले.

शेवटी दोघी येऊन बसल्या. मोठीने कडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं, धाकटीने स्वतःचं. मी मामाला हाक मारली. मग आजूबाजूचे आपोआप आले. मागच्या वेळी होते ते सगळे होते, मी मोजून घेतले.

"मागल्या बाजारी मी या कड्याला खोटं म्हटलं," मी म्हणाले. "मी चुकले. मला ही छाप वाचता आली नाही." एवढंच पाठ करून आले होते. आवाज मागच्या वेळेएवढाच मोठा ठेवला.

मग मी दोन्ही कडी घेतली आणि कापलेली तोंडं एकमेकांना लावली. एक घसरलं. पुन्हा लावलं, किंचित फिरवलं, आणि एका जागी ती बसली. मला ते हातात कळलं, दाराची कडी कोयंड्यात पडते तसं. मधला दाणा पुरा झाला. खाली देठाची रेघ सरळ गेली. तीन दाणे, एकाच घावातले. तीस-पस्तीस वर्षं दोन घरांत, दोन राज्यांत वेगवेगळी झिजलेली चांदी, आणि कापाच्या तोंडाशी केसाचंही अंतर नव्हतं.

मामाने भिंग मागितलं. मी म्हटलं, डोळा नको, नख लावा. त्याने अंगठ्याचं नख सांध्यावरून फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग फडकं सारखं करत मुलाच्या आईला म्हणाला, "होळीनंतरना दिवस धरूत." होळीनंतरचा दिवस धरू.

बाई हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "मागला बाजारमा शिसं व्हतं. आज चांदी व्हई गयी?"

लोक हसले. हसू दिलं. आणि मी काय केलं? दोन्ही कडी अजून माझ्या हातात जोडलेलीच होती, असा जोड मी जन्मात पाहिला नव्हता, आणि सवयीने माझ्या तोंडून भाव निघून गेला. दोन्हींचा मिळून. चांगला होता भाव, आजवर मी कुणाला दिला नव्हता तेवढा.

बाईने कडी माझ्या हातातून सोडवली, एक बहिणीला दिलं, एक आपल्या मनगटात चढवलं. "तुन्हा मायनी शे का?" तिने विचारलं. "ती इक."

माझ्याकडे विकायला आईची नव्हती. हे तिला कळायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, बस, बांगड्या भरून देते, लग्नाच्या. पाटी मी अजून ठेवते. तिने हात पुढे केला, कडं कोपरापर्यंत सारलं, आणि मी दोघी बहिणींना हिरव्या बांगड्या भरल्या. पैसे तिने दिले. फुकट घेतल्या नसत्या.

संध्याकाळी मी सरळ तळोद्याला नानाच्या दुकानात गेले. तो दिवा लावत होता.

"छाप जुळनी?"

"जुळली."

"नख अटकनं का?"

"नाही अटकलं."

त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. कोणतं तोंड कोणत्या हातात होतं, पहिल्यांदा घसरलं ते किती, मामाने नख कुठून कुठे फिरवलं. मी सांगितलं. तो डबी उघडून ठशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, परत सांग. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडले, की म्हाताऱ्या, एवढी हौस होती तर यायचं होतं खापरला. त्याने चहा मागवला, बशीत ओतून माझ्यापुढे सरकवला, आणि चौथ्यांदा विचारलं. मी सांगितलं.